वासूच्या छातीवरच्या दोन फिती

एकोणीसशे सत्तर सालच्या पावसाळ्यानंतर माझी पोस्टिंग रायफल कंपनीतून क्वार्टरमास्टर स्टोअरला झाली. हुद्दा लान्स नायक. काम कपड्यांचं. साडेपाचला पीटी, आठला स्टोअर उघडायचं, बाराला बंद, परत दोन ते पाच. बूट, जर्सी, बेल्ट, बॅरे टोपी, बिल्ले. पलटणीतल्या प्रत्येकाच्या पायाचं आणि डोक्याचं माप मला तोंडपाठ होतं. माझं शिक्षण सातवी नापास. पुस्तकातलं डोक्यात राहत नाही. पण कापड एकदा हाताखालून गेलं की विसरत नाही. १९८४ ला हवालदार म्हणून घरी आलो, तोवर तेच काम केलं.

हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

१९९८ ला कट्टा गावच्या आमच्या सुभेदारसाहेबांनी ठरवलं की माजी सैनिकांच्या खोलीत आसपासच्या गावांतल्या जवानांचे जुने फोटो लावायचे. फोटो भरपूर आले. कोणाचा आजोबा, कोणाचा चुलता. पण कुठला फोटो कधीचा, घरच्यांना ठाऊक नाही. साहेब म्हणाले, "गिरकर, तू बघ. तुझा आयुष्य कपड्यात गेला."

माझी रीत सरळ आहे. चेहरा बघायचा नाही. चेहरा फसवतो, आणि घरच्यांना तर फारच. आधी डोकं, मग दंड, मग छाती, मग कंबर आणि हात. डोक्यावर साफा असेल तर बहुतेक इंग्रजांच्या वेळचा. रुंद काठाची हॅट, एक बाजू वर दुमडलेली, आणि माणूस हाडकुळा झालेला, तर बर्मा. बिल्ल्यावर मुकुट असेल तर त्यांचं राज्य, सिंह असतील तर आपलं. दंडावरच्या पट्ट्या हुद्दा सांगतात. आणि छातीवरच्या पदकांच्या फिती साल सांगतात. फोटो काळापांढरा असला तरी फितीवरच्या रेघा मोजता येतात. लढाई आधी होते, फीत काही महिन्यांनी येते, कधी वर्षाने. म्हणून फोटो फितीच्या आधीचा असूच शकत नाही.

एकदा बांद्याहून एक गृहस्थ आजोबांचा मोठा फोटो घेऊन आले. फ्रेम सोनेरी. म्हणाले, आजोबा बर्मा फ्रंटला सुभेदार होते. मी बघितलं. एका कॉलरवर एका पलटणीचा बिल्ला, दुसऱ्या कॉलरवर दुसऱ्या पलटणीचा. खांद्याला झालर. म्हटलं, "हे सुभेदार नव्हेत. हे लग्नातले बँडवाले." गृहस्थ लाल झाले. तेवढ्यात त्यांची म्हातारी आत्या मागून बोलली, "मगे पेटाऱ्यात क्लार्नेट खंयसून इला, ता आता समाजला." सुभेदारसाहेब हसत बाहेर गेले. फोटो भिंतीवर लागला नाही.

लोकांना मी असं तोंडावर सांगत आलो. खोटं चालवून घेतलं नाही. मग माझ्या स्वतःच्या घरात एक फोटो निघाला.

माझी बायको द्वारका २००४ च्या दिवाळीआधी गेली. चौतीस वर्षांचा संसार. तिच्याशिवाय घर कसं असतं ते लिहायला मला जमत नाही. चहा मी स्वतः करतो, तो चहा लागत नाही, एवढंच सांगतो. पुढच्या वर्षी वर्षश्राद्ध तोंडावर आलं तेव्हा सुनेने तिची ट्रंक उघडली. साड्या नात्यातल्या बायकांना द्यायच्या होत्या. लग्नाच्या साडीच्या घडीत फोटो होता. पोस्टकार्डाएवढा. वर्दीतला जवान.

सून म्हणाली, "बाबानु, ह्यो कोण? तुमच्या पलटणीतलो?"

मी बघितलं. वासू होता.

सिपाई वासुदेव कुबल. खाडीपलीकडच्या वाडीतला. द्वारकाचं माहेर त्याच वाडीतलं, घराला घर लागून. दोघं एकत्र वाढली. वासूची होडी आली की टोपली धरायला द्वारका पाण्यात उभी, असं लोक सांगायचे. तिचं वासूशी होणार असं वाडीने धरलेलंच होतं. मी १९६३ ला भरती झालो, वासू १९६६ ला, माझ्याच पलटणीत आला. त्याच्या बापाला समुद्राने नेलं आणि घरात लग्नाची बहीण होती. बहिणीचं होईपर्यंत भाऊ थांबणार. तेवढ्यात माझ्या मावशीने माझ्यासाठी द्वारकाला मागणी घातली. मे १९७० ला आमचं लग्न झालं. वासूला सुटी मिळाली नाही. मी परत पलटणीत गेलो तेव्हा त्याने माझा हात धरून हलवला आणि म्हणाला, "नशीबवान आसस. तिच्या हातची आमटी खातलंस."

मला ते आवडलं नाही. हसून म्हणाला असता तर आवडलं नसतं, रडून म्हणाला असता तरी नसतं. आमटी त्याने खाल्लेली होती, मी अजून नव्हती.

द्वारका घरून डबा पाठवायची. सुकट, सोलं, कुळथाचं पीठ. सोबत कुणाकडून तरी लिहून घेतलेली चिठ्ठी. शेवटी एक ओळ हमखास, वासूक पण दिया. मी दिलं नाही. एकदाही नाही. तो विचारायचा, "काय इला काय रे घराकडसून?" मी सांगायचो, काही आलं नाही. स्टोअरच्या मागे बसून एकटा खायचो. लाज वाटते सांगायला. पण तेव्हा वाटत नव्हती.

आता १९७१ चा डिसेंबर. पश्चिमेकडची सीमा. लढाई सुरू होऊन काही दिवस झाले होते. पलटण उसाच्या शेतात पसरलेली. स्टोअर मागे एका पडक्या विहिरीजवळ. आदल्या संध्याकाळी टपाल आलं होतं, त्यात द्वारकाची चिठ्ठी होती.

सकाळी सव्वानऊला पुढच्या कंपनीचा रेडिओवर निरोप आला. ऑपरेटर माझ्यापासून चार पावलांवर. आवाज अजून कानात आहे.

"अम्युनिशन कम है. पानी नहीं है. पार्टी भेजो. ओव्हर."

"कितना टाइम दे सकते हो? ओव्हर."

"टाइम नहीं है. आउट."

सुभेदार क्वार्टरमास्टर माझ्याकडे वळले. "लान्स नायक, आठ जवान. पंधरा मिनट."

माणसं कोणत्या क्रमाने जायची ते ठरलेलं होतं. सात जणांची नावं मी क्रमानेच घेतली. आठवा नंबर दुसऱ्या एका जवानाचा होता. तो उभा राहिलासुद्धा. वासू त्या दिवशी मागे होता, विहिरीच्या काठावर बसून जर्सीचं कोपर शिवत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "लान्स नायक सायबानु, चिठ्ठी इली म्हणतत. माजा नाव आसा मां तेच्यात?"

सगळे हसले. नाव होतं. नेहमीची ओळ होती.

मी म्हटलं, "कुबल, उठ. पेटी उचल."

आठवा जवान म्हणाला, "नंबर मेरा है."

मी म्हटलं, "बैठो."

वासूने दोरा दाताने तोडला, जर्सी चढवली आणि पेटी उचलली. साडेनऊला निघालो. मी पुढे, तो सगळ्यात मागे. सुरुंगांच्या पट्ट्यातून इंजिनियरांनी पांढऱ्या फितीने वाट आखली होती. दोन फितींमध्ये दोन हात जागा. दहा चाळीसला त्यांचे मॉर्टर सुरू झाले. पहिला गोळा लांब पडला. दुसरा मागे पडला.

मी वळून बघितलं. वासू पाटाच्या कडेला पडला होता. पेटी पाण्यात. मी त्याच्याजवळ गेलो. मांडी आणि पोट. तो म्हणाला, "पेटी पयली काड. भिजता."

हुकूमही तोच असतो. मी पेटी उचलून पुढच्याच्या खांद्यावर दिली, फील्ड ड्रेसिंग बांधली आणि पार्टी पुढे नेली. अकरा वाजून पाच मिनिटांनी पेट्या पोचल्या. साडेबाराला परत त्या जागी आलो तेव्हा पाटात नुसतं लाल पाणी होतं. स्ट्रेचरवाल्यांनी त्याला मागे नेलं होतं. ड्रेसिंग स्टेशनला पोचायच्या आधी तो गेला. हे मला सांगण्यात आलं. मी त्याला बघितलं नाही. अंत्यविधी तिथेच झाला, तेव्हा मी दुसऱ्या पार्टीबरोबर पुढे होतो.

त्याच्या सामानाची पेटी घरी पाठवायला मीच भरली. स्टोअरचं काम होतं.

१९७३ च्या सुटीत घरी आलो. तोवर नायक झालो होतो. पासष्टची फीत छातीवर होतीच, एकाहत्तरचीही नवी आली होती. मालवणच्या बाजारात फोटो काढून घेतला. त्याच सुटीत एक दिवस द्वारका वाटण वाटत होती, तिला मी म्हटलं, "वासूचो नंबर न्हवतो. मी घेतलो."

तिचा हात थांबला. परत सुरू झाला. ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे तीस वर्षं नाही.

मी त्याचा अर्थ लावला. ती त्याच्यासाठी दुःख करते आणि मला दाखवत नाही, हा तो अर्थ. दर डिसेंबरात ती खाडीपार नेणाऱ्या तरीने माहेरी जायची आणि दोन दिवस राहायची. वासूच्या आईकडे जाऊन बसते हे मला ठाऊक होतं. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मेलेल्या माणसावर जळणं फार वाईट. जिवंत माणूस म्हातारा होतो, त्याचे दात पडतात, तो दारू पिऊन गटारात पडतो, मग बायको म्हणते, बरं झालं तुमच्याशी झालं. वासू चोवीसचाच राहिला. मी पन्नासचा झालो, साठचा झालो, टक्कल पडलं, तो तसाच.

आणि आता तो तिच्या लग्नाच्या साडीत सापडला.

मी फोटो खिशात घातला. मुलाला निरोप दिला की वर्षश्राद्धाला मी बसणार नाही. तो गोव्यात कामाला जातो. संध्याकाळी आला तो सरळ माझ्यासमोर उभा राहिला.

"बाबानु, आवशीचा वर्षश्राद्ध आसा. तुमी बसणास नाय तर लोक काय म्हणतले?"

"सांग, म्हाताऱ्याचे गुडघे दुखतत."

"गुडघे दुखतत तर काल माडार कोण चडलो होतो?"

तो सुनेला म्हणाला, "सोड. फौजेतलो माणूस. हुकूम सुटलो की सुटलो."

आठ दिवस मी तो फोटो बघत होतो. फक्त चेहरा. ते नाक, ते हसू. ज्या माणसाने लोकांना सात वर्षं सांगितलं की चेहरा बघू नका, त्याची नजर गळ्याखाली उतरली नाही. मला एकच गोष्ट ठरवायची होती. फोटो लग्नाआधीचा की नंतरचा. आधीचा असेल तर शेजारच्या पोराने दिलेला, मुलीने ठेवलेला. तेवढं मी गिळलं असतं. नंतरचा असेल तर माझ्या बायकोने तो घेतला होता. मग श्राद्ध कोणाचं करायचं?

नवव्या दिवशी मनात आलं, मेल्या, तू लोकांचे फोटो ठरवतोस. हाही ठरव.

सकाळी पडवीत बसलो. भिंग घेतलं. बोटाने चेहरा झाकला आणि नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली.

डोकं. बॅरे आमच्या पलटणीची, बिल्ला बरोबर. पण माप चुकीचं. वासूचं डोकं मोठं होतं. त्याच्या मापाची बॅरे शोधताना मला स्टोअर पालथं घालावं लागायचं. ही लहान मापाची होती आणि तरी त्याच्या कपाळावर नीट बसली होती.

दंड. दोन पट्ट्या. नायक.

वासू सिपाई होता. सिपाईच गेला.

छाती. दोन फिती. रेघा मोजल्या. परत मोजल्या. पहिली पासष्टच्या लढाईची. वासू तेव्हा भरतीच झाला नव्हता. दुसरी एकाहत्तरची. ती फीत पलटणीत आली तेव्हा तो जाऊन वर्षाहून जास्त झालं होतं.

आता जे मनात आलं ते सांगतो, हसायचं तर हसा. मला वाटलं, तो मेलाच नाही. मी त्याला मेलेला बघितला कुठे होता? वाचला, बरा झाला, दुसरीकडे पोस्टिंग झाली, नायक झाला, आणि एका डिसेंबरात वाडीत येऊन हा फोटो तिला देऊन गेला. दर डिसेंबरात ती दोन दिवस कुठे जात होती ते आता समजलं, असं वाटलं. सगळी वाडी त्यात सामील, माझी सासूसुद्धा. साठी उलटलेला माणूस मी, भर सकाळी पडवीत बसून मेलेल्या माणसाला जिवंत करत होतो, तिच्यावर रागवायला मिळावं म्हणून.

मग रीत पुरी करायची म्हणून कंबर आणि हात बघितले. डावा हात लाकडी स्टँडवर ठेवलेला. अंगठ्याचं नख उभं फुटलेलं.

बाहत्तर साली बुटांची पेटी माझ्या अंगठ्यावर पडली होती. तेव्हापासून माझं नख तसंच उगवतं.

मी उठलो. आतल्या भिंतीवरचा माझा त्र्याहत्तरचा फोटो खिळ्यावरून काढला आणि शेजारी ठेवला. तोच पडदा, तोच स्टँड. बाहीवरची चुणी तीच. डाव्या खिशाचं बटण अर्धं लागलेलं, तेही तेच. वर्दी माझी, पट्ट्या माझ्या, फिती माझ्या, हात माझा. बॅरेच्या खाली फक्त चेहरा वासूचा, कातरून बसवलेला. गळ्याजवळ ब्रशाने रंग फिरवून सांधा बुजवला होता. चांगलं काम होतं. आठ दिवस मी माझ्याच अंगावर जळत होतो.

पण का केलं हे अजून कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या तरीने पलीकडे गेलो.

वासूची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बहीण आनंदी तिथेच असते. नवरा नाही, मुलगे बोटीवर. ती अंगणात बसून जवळा निवडत होती. मला बघून उठली नाही.

"वाट चुकलंस काय?"

"नाय."

"चौतीस वर्सां झाली वासूक जावन. ह्या अंगणात तुजो पाय आज लागता."

मी फोटो पुढे केला. तिने हात पदराला पुसले, घेतला, लांब धरून बघितला. आणि हसली.

"द्वारकान अजून ठेवल्यान हो? म्हटला ना तिका, टाक गो खाडीत."

"ह्यो काय प्रकार, ता सांग."

"भितूर जावन भितीर बघ पयला."

मी आत गेलो. भिंतीवर तोच फोटो मोठा करून लावलेला. हार घातलेला. पण दंड कोरा, छाती कोरी. पट्ट्या नाहीत, फिती नाहीत. बाहेर येऊन पायरीवर बसलो. ती जवळा निवडता निवडता सांगत राहिली.

"वासूचो वर्दीतलो फोटो आमच्याकडे न्हवतो. तुमच्या फौजेकडे असतलो, पण मागतलो कोण? आवस म्हणायची, माजो झील शिपाय झालो, माका एकदा शिपाय बघूचो आसा. तू सुटी संपवन गेलंस आणि पाठोपाठ द्वारका इली. तुजो फोटो घेवन. आमच्याकडे वासूचो चुलत्याच्या लग्नातलो फोटो होतो, घोळक्यातलो. दोनय घेवन ती मालवणाक फोटोवाल्याकडे गेली. तेना तुज्या अंगावर वासूचा तोंड बसवल्यान."

"मग दोन कसे?"

"पयलो केल्यान तो ह्यो. आवशीक वाचूक येय नाय, पण पट्ट्ये दिसले. म्हणाली, ह्यो माजो झील न्हय. माजो झील सादो शिपाय होतो. दुसऱ्याचो मान तेका नको. मगे फोटोवाल्यान पट्ट्ये खरवडून दुसरो केल्यान. ह्यो फाडूक घेतलो तर द्वारका देयना."

"कित्याक?"

आनंदीने माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणाली, हेच्यात अर्धो माजो घोव आसा. फाडू कसो?"

घोव, म्हणजे नवरा. गळ्याखालचा तो मी. ती परत जवळा निवडू लागली. मग म्हणाली, "आणि नंबराचा आमका ठाऊक आसा."

"कसला?"

"नंबर दुसऱ्याचो होतो, तू रागान वासूक उठयलंस. द्वारकान तेच दिवशी आवशीक सांगल्यान. पाय धरल्यान तिचे. म्हणाली, तो कदी येवचो नाय तुमच्यासमोर, तेच्यात तेवडी धमक नाय. म्हणान मी इलंय."

"आवस काय म्हणाली?"

"म्हणाली, पेटी कोणीतरी उचलूचीच होती."

एवढंच म्हणाली होती ती बाई. दर डिसेंबरात द्वारका माझ्या जागी जाऊन बसत होती, आधी तिच्यासमोर, ती गेल्यावर आनंदीसमोर, तीस वर्षं, आणि मी घरी हेवा करत बसलो होतो. तिला तोंडाने विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. मी विचारलं नाही. आता ती नाही.

मी आनंदीला म्हटलं, "सोमवारी तिचा वर्षश्राद्ध आसा. जेवूक ये."

"तू बसतलंस?"

"बसतलंय."

सोमवारी बसलो. मुलगा शेजारी. भटजींनी सांगितलं ते केलं. आनंदी दुपारच्या तरीने आली, बायकांच्या पंगतीत जेवली आणि मग पडवीत माझ्यासमोर येऊन बसली. मुलगा आणि सून आत आवरत होते.

म्हणाली, "एक विचारतंय. भितीरलो कपडो तर तुजो. मी तीस वर्सां तुज्या अंगाक हार घालतंय. माज्या भावान त्या दिवशी खरो काय घातललो, ता तुका ठाऊक आसतला. तू कपडे देणारो."

मला ठाऊक होतं. तिने डोळे मिटले. मी सांगितलं, स्टोअरमध्ये सांगतात तसं, डोक्यापासून.

डोक्यावर हेल्मेट. जाळी नव्हती, जाळ्या संपल्या होत्या. गळ्यात ओळखीची चकती. ऊनी शर्ट, वरचं बटण लावलेलं, थंडी होती. त्यावर हिरवट जर्सी. उजवं कोपर त्याच सकाळी शिवलेलं, टाके मोठे पण घट्ट. दंड कोरा. छाती कोरी. पाच वर्षांची नोकरी. वेबचा जाड कापडी बेल्ट, शेवटच्या भोकात, कारण कंबर बारीक होती. डाव्या खिशात सुई आणि दोरा. पायांत दोन जोड मोजे आणि बूट.

आनंदीने डोळे उघडले नाहीत. "बूट तेका बसायचे?"

"नाय. एक नंबर मोठे होते. तेच्या नंबराचे माज्याकडे उरले न्हवते. फुडे कापूस कोंबून घालायचो."

"मगे चलाक त्रास होय असतलो."

"व्हयत असतलो. पेटी खांद्यार होती आणि तो सगळ्यांच्या पाटी होतो," मी म्हटलं. "पण अंतर पडू दिल्यान नाय."